ओ-रिंग, पॅकिंग आणायला नागदेवीला जाताय? आधी रबर ओळखायला शिका

साकीनाक्याच्या एका गाळ्यात मी नवा नवा मेंटेनन्सला लागलो होतो तेव्हाची गोष्ट. हायड्रॉलिक प्रेसच्या फ्लँजमधून, म्हणजे पाईपच्या बोल्ट मारून जोडायच्या चकतीतून, तेल ठिबकत होतं, मालक म्हणाले पॅकिंग बदल, मी कोपऱ्यात पडलेली तीन एमएमची रबर शीट घेतली, जुन्या पॅकिंगवरून छाप काढला, छान गोल कापलं, भोकं पाडली, बोल्ट आवळले, गळती बंद. ऐटीत घरी गेलो. चौथ्या दिवशी सकाळी येऊन बघतो तर फ्लँजच्या फटीतून काळं काहीतरी जिभेसारखं बाहेर आलेलं आणि खाली तेलाचं तळं. बोल्ट खोलले तर पॅकिंग चहात विसरलेल्या खारीसारखं झालेलं, फुगलेलं, मऊ, बोटाने चिमटा काढला की तुकडा हातात. आमचे फोरमन राजापूरकडचे, कमी बोलायचे, ते एवढंच म्हणाले, "साईझ बघून कापलंस रे, तेल कोण बघणार?"

ती शीट साध्या नैसर्गिक रबराची होती. काळी होती म्हणून मला वाटलं सगळं काळं रबर सारखंच.

मुंबईत पॅकिंग-रबरासाठी मशीद स्टेशनजवळच्या नागदेवी स्ट्रीटला गेलात तर दुकानदार पहिला प्रश्न विचारतो साईझ काय, आणि आपण पण साईझच सांगतो, आतला व्यास एवढा, जाडी एवढी, आणि तो डब्यातून एक ओ-रिंग, म्हणजे गळती अडवणारी रबराची गोल कडी, काढून देतो आणि आपण घेऊन येतो. चूक त्याची नाही, आपण विचारलंच तेवढं. म्हणून मशीद स्टेशनला उतरायच्या आधी एका चिठ्ठीवर चार गोष्टी लिहा. ह्या रबराला काय लागणार आहे (तेल, पेट्रोल, पाणी, ब्रेक ऑइल, अमोनिया, नुसती हवा), किती तापणार आहे, ते एका जागी दाबून बसणार आहे की त्यावरून काही घासणार-सरकणार आहे, आणि ते उन्हात उघड्यावर आहे की मशीनच्या पोटात. साईझ पाचव्या नंबरवर. पहिल्या चारांची उत्तरं असली की रबर आपोआप ठरतं, कारण ही जुनी सिंथेटिक रबरं म्हणजे नायट्राईल, निओप्रीन, एसबीआर (स्टायरिन-ब्युटाडाईन रबर), ब्युटाईल, पॉलीसल्फाईड, बहुतेक सगळी १९२५ ते १९४० ह्या पंधरा-एक वर्षांतली आहेत आणि प्रत्येकाची एकेक खासियत आहे. ती खासियत लक्षात ठेवली की तक्ता पाठ करायची गरज नाही.

नैसर्गिक रबर वाईट आहे असं मुळीच नाही हां. ताण सहन करणं, उसळी, फाटायला विरोध, ह्यात ते अजून राजा आहे, विमानाच्या आणि जड ट्रकच्या टायरमध्ये आजही तेच भरपूर वापरतात कारण ते आतून कमी तापतं. चार्ल्स गुडइयरला १८३९ मध्ये गंधक घालून तापवायची युक्ती सापडली आणि उन्हाळ्यात चिकट, थंडीत कडक होण्याची त्याची खोड गेली. पण दोन खोडी राहिल्या, खनिज तेलात फुगणं आणि ऊन-हवेने चिरा पडणं. आणि तिसरी अडचण व्यापाराची, झाडं मलायाकडे आणि कारखाने युरोप-अमेरिकेत.

पहिल्या महायुद्धात जर्मनीची नाकाबंदी झाली तेव्हा त्यांनी मिथाईल रबर बनवलं, त्याची मूळ कल्पना फ्रिट्झ हॉफमनची, बायर कंपनीच्या एल्बरफेल्डच्या लॅबमधली, पेटंट १९०९ चं. एक घाणा बनायला आठवडेच्या आठवडे, कधी महिने लागायचे. त्याचा कडक प्रकार पाणबुडीच्या बॅटरीच्या डब्यांना चालून गेला, मऊ प्रकार टायरला काही धड झाला नाही, आणि युद्ध संपल्यावर नैसर्गिक रबर परत मिळायला लागलं तसं ते प्रकरण बंद. नंतर त्यांनी ब्युटाडाईन नावाचा वायू घेतला, त्याची साखळी जोडायला सोडियम वापरलं, आणि ब्युटाडाईनचा ब्यु आणि नाट्रियम म्हणजे सोडियमचा ना मिळून नाव पडलं ब्युना. नागदेवीला एखादा जुना शेठ अजून "ब्युना-एन" म्हणताना ऐकू येतो, त्याचा अर्थ नायट्राईल. आणि ब्युना-एस म्हटलं की एसबीआर. दोघांत ब्युना आहे म्हणून गोंधळ करू नका, एक तेलाचा मित्र, दुसरा तेलाचा बळी.

आता नायट्राईलबद्दल जरा सविस्तर, कारण वर्कशॉपमध्ये दहातल्या सात वेळा आपल्याला हेच लागतं. ब्युटाडाईनबरोबर अ‍ॅक्रिलोनायट्राईल नावाचा दुसरा घटक जोडून एरिक कोनराड आणि एडवर्ड चुंकुर यांनी १९३० मध्ये हे जर्मनीत बनवलं. तेल आणि साधं रबर दोघंही हायड्रोकार्बन, एकाच खानदानातले, त्यामुळे तेल रबरात असं शिरतं जसं सासरी आलेला जावई, कोणी अडवत नाही. अ‍ॅक्रिलोनायट्राईल वेगळ्या स्वभावाचं, विद्युतभाराने जरा एकीकडे झुकलेलं, त्याचं तेलाशी जमत नाही, म्हणून ते साखळीत जितकं जास्त तितकं तेल बाहेर राहतं. हे प्रमाण साधारण १८ टक्क्यांपासून ५० टक्क्यांपर्यंत ठेवता येतं. मग सगळीकडे ५० टक्केवालंच का नाही वापरत? कारण जितकं हे वाढवाल तितकं रबर थंडीत लवकर कडक होतं. म्हणून बाजारातला नेहमीचा माल मधला असतो, ३३ टक्क्यांच्या आसपास. आपल्या मुंबईत थंडीची कोणाला पडलीय म्हणा, पण कोल्ड स्टोरेजचं काम करत असाल तर हा प्रश्न नक्की विचारा.

नायट्राईल कुठे वापरायचं तर हायड्रॉलिक तेल, ग्रीस, डिझेल, इंजिन ऑइल, कॉम्प्रेसरची हवा, पाणी, सगळ्यात. ऑइल सीलचा ओठ, ओ-रिंग, डायफ्रॅम, पेट्रोलच्या नळीचा आतला थर. तापमान १०० डिग्रीपर्यंत निवांत, त्याच्या वर गेलं की ते हळूहळू कडक होतं, आणि कडक झालेली ओ-रिंग काढताना टकाटक तुकडे पडतात, ते तुम्ही बघितलं असेलच. तशी जागा असेल तर व्हायटॉन, म्हणजे फ्लोरीनवालं रबर, घ्या, ते २०० पर्यंत जातं, पण ते १९५७ चं पोर, ह्या मंडळींत बसत नाही आणि किंमत ऐकून खिसा चाचपावा लागतो.

नायट्राईल कुठे नाही चालत ते जास्त महत्त्वाचं. थिनर, अ‍ॅसिटोन ह्यात नाही. ब्रेक ऑइलमध्ये नाही, ते पुढे सांगतो. आणि आता नवीन भानगड म्हणजे इथेनॉलवालं पेट्रोल, त्यात गंमत अशी की नुसतं पेट्रोल नायट्राईलला थोडं फुगवतं, नुसतं इथेनॉल पण थोडंच फुगवतं, पण दोघं एकत्र आले की दोघांपेक्षा जास्त फुगवतात. जुन्या बाईकचं कार्बोरेटर खोललंत आणि वाटीचं पॅकिंग खाचेत परत बसतच नसेल, लांब झाल्यासारखं वाटत असेल, तर ते ओढून-ताणून बसवू नका, नवीन घ्या आणि व्हायटॉनमध्ये मिळालं तर तेच घ्या.

निओप्रीनची कथा मला आवडते कारण त्यात एक पाद्री आहे. फादर ज्युलियस न्यूलँड, नोत्र दाम विद्यापीठात रसायनशास्त्र शिकवायचे, अ‍ॅसिटिलीन वायूवर वर्षानुवर्षं काम करत होते. १९२५ मध्ये एका परिषदेत ते बोलले, ड्युपाँट ह्या अमेरिकन केमिकल कंपनीच्या माणसाने ऐकलं, आणि पुढे एप्रिल १९३० मध्ये वॉलेस कॅरोदर्सच्या गटातल्या आर्नोल्ड कॉलिन्सच्या भांड्यात एक पांढरट घट्ट गोळा तयार झाला जो टेबलावर टाकला तर उडायचा. हाच कॅरोदर्स पुढे नायलॉनवाला. १९३१ मध्ये माल जाहीर झाला तेव्हा नाव ड्युप्रीन होतं, निओप्रीन नंतर झालं. नैसर्गिक रबराच्या साखळीत जिथे मिथाईल गट असतो तिथे इथे क्लोरीन बसलाय, मुख्य फरक एवढाच, पण त्या क्लोरीनमुळे तीन कामं होतात. तेल जरा कमी शिरतं, ओझोन आणि ऊन लवकर चिरा पाडू शकत नाही, आणि आग लावली तर ज्योत बाजूला घेतली की विझतं.

म्हणजे तेलात ते नायट्राईलपेक्षा खाली आणि नैसर्गिकपेक्षा वर. पण उघड्यावरच्या कामाला एक नंबर. गच्चीवरच्या मशीनचं बेलो म्हणजे घड्यांचं रबरी आवरण, केबलचं बाहेरचं आवरण, व्ही-बेल्ट, खिडकीचं गास्केट, कपलिंगमधलं रबर, आणि बर्फाच्या कारखान्यात अमोनियाच्या लाईनला पण हे छान चालतं. मुंबईत निओप्रीन बघायचं असेल तर कुठल्याही उड्डाणपुलाखाली सुरक्षित जागी उभं राहून वर बघा, खांबाच्या डोक्यावर आणि गर्डरच्या मध्ये काळ्या चपट्या उशा दिसतील. ह्या उशांसाठी आपल्याकडे वर्षानुवर्षं निओप्रीन वापरत आलेत. पूल उन्हाने लांबतो, रात्री आखडतो, गाड्यांनी हलतो, आणि ती उशी आडवी सरकून ते पोटात घेते. आत पोलादाच्या पातळ पट्ट्या थरांत घातलेल्या असतात, नुसतं रबर असतं तर गर्डरच्या वजनाने कडेने फुगून बाहेर आलं असतं, माझ्या त्या पॅकिंगसारखं. पट्ट्या त्याला फुगू देत नाहीत पण आडवं सरकू देतात. किती साधी आयडिया.

सुतार लोक सनमायका चिकटवायला जे पिवळसर, वासाचं काँटॅक्ट सोल्यूशन वापरतात त्यात पण बहुतेक वेळा निओप्रीनच विरघळवलेलं असतं. ते लावायची पद्धत सगळे चुकतात, ओलं असतानाच चिकटवतात. दोन्ही बाजूंना पातळ लावा, दहा-पंधरा मिनिटं थांबा, बोट टेकवलं तर चिकट वाटलं पाहिजे पण बोटाला तार यायला नको, मग एकदाच नीट जुळवून दाबा, कारण नंतर सरकत नाही. पावसाळ्यात हवेत दमटपणा असतो तेव्हा वर पाण्याचा बारीक थर धरतो आणि जोड सुटतो, तेव्हा पंखा लावून वाळवा.

एसबीआर. ब्युना-एस. १९२९, वॉल्टर बॉक आणि परत तेच चुंकुर. हे जगात सगळ्यात जास्त बनलं ते अमेरिकेमुळे, कारण फेब्रुवारी १९४२ पर्यंत जपानने मलाया आणि सिंगापूर घेतलं आणि अमेरिकेचा जवळजवळ ९० टक्के रबराचा पुरवठा गेला. मग सरकारने सगळ्या कंपन्यांना एकच रेसिपी दिली, ७५ भाग ब्युटाडाईन आणि २५ भाग स्टायरिन, नाव जीआर-एस. आपल्याकडे बरेलीला १९६३ मध्ये एसबीआरचा कारखाना सुरू झाला, त्यात ब्युटाडाईन अल्कोहोलपासून बनवायचे, म्हणजे उसाच्या मळीपासून टायर म्हणा ना. रशियात लेबेदेव्हच्या पद्धतीने यारोस्लाव्हलला १९३२ मध्येच अल्कोहोलपासून ब्युटाडाईन आणि त्याचं रबर बनायला लागलं होतं, फक्त त्यात स्टायरिन नव्हतं, तिकडे ऊस कुठला, बटाटा आणि धान्याची दारू.

एसबीआरचं एक लक्षात ठेवा, काजळी म्हणजे कार्बन ब्लॅक घातल्याशिवाय ते अगदीच लेचंपेचं असतं, हाताने तुटतं. काजळी घातली की ताकद सात-आठ पट होते. टायर काळा असतो तो त्यासाठी, मळ दिसू नये म्हणून नाही. घासायला चांगलं, स्वस्त, पाण्याला चालतं, तेलाला नाही. चटया, चपलांचे सोल, कन्व्हेयर बेल्ट, स्वस्तातली पाण्याची पॅकिंग. सोसायटीच्या पाण्याच्या पाईपच्या फ्लँजला कापड घातलेली इन्सर्शन शीट मिळते ती बऱ्याचदा ह्यातली असते आणि तिथे ती अगदी योग्य आहे, उगाच नायट्राईलचे पैसे घालवू नका.

ब्रेक ऑइलचं इथेच सांगतो. नावात ऑइल आहे पण डॉट-३, डॉट-४ हे तेल नाहीच, ते ग्लायकॉल आहे, आणि नायट्राईल त्यात फुगतं. ब्रेकचे कप पूर्वी नैसर्गिक किंवा एसबीआर रबराचे असायचे, आता बहुतेक ईपीडीएम नावाच्या नंतरच्या सिंथेटिक रबराचे, आणि ह्या तिघांनाही खनिज तेल चालत नाही. सगळं बरोबर उलटं. म्हणून मास्टर सिलिंडर खोलला की कप डिझेलने, पेट्रोलने, रॉकेलने धुवायचे नाहीत, फक्त ताज्या ब्रेक ऑइलने. आणि बसवताना ग्रीस लावायचं नाही, परत ब्रेक ऑइलच. मी स्वतः एका रस्त्यावरच्या मेकॅनिकला हे सांगितलं तर तो म्हणाला वीस वर्षं डिझेलनेच धुतोय. त्यानंतर मी माझी गाडी तिकडे नेली नाही, एवढंच.

ब्युटाईल हे १९३७ चं, स्टँडर्ड ऑइलच्या विल्यम स्पार्क्स आणि रॉबर्ट थॉमस यांचं. आयसोब्युटिलीन जवळजवळ सगळं, त्यात चिमूटभर आयसोप्रीन, तेही कशाला तर गंधकाला पकडायला काहीतरी जागा हवी म्हणून. त्याची खासियत एकच पण जबरदस्त, हवा जाऊ देत नाही, नैसर्गिक रबरापेक्षा आठ-दहा पट कमी. म्हणून टायरच्या आतल्या ट्यूबा. पूर्वी सायकलमध्ये दर दोन-चार दिवसांनी हवा भरायला लागायची ते आठवत असेल तर फरक कळेल. दुसरी खासियत, उसळी नाही. जुन्या ब्युटाईल ट्यूबचा तुकडा पंक्चरवाल्याकडून मागून आणा, सहा-सात घड्या करा, बेअरिंगची एक गोळी फूटभर उंचीवरून टाका, गोळी थप्प करून बसते. तोच तुकडा कडकडीत गरम पाण्यात बुडवून काढा आणि परत टाका, आता उडेल. धक्का खाऊन टाकायचा हा गुण म्हणून कंप कमी करायच्या पॅडमध्ये पण ते वापरतात. पण तेल-पेट्रोल लागलं तर वाट लागते, तेव्हा ट्यूबचा तुकडा कापून पेट्रोलच्या टाकीच्या झाकणाला वायसर करायचा जुगाड करू नका, आठवड्यात लापशी होईल.

राहिलं पॉलीसल्फाईड, थायोकॉल. कॅन्सस सिटीत जोसेफ पॅट्रिक १९२० च्या दशकात गाडीसाठी अँटीफ्रीझ शोधत होता, हाती आला एक घाण वासाचा चिकट रबरी गोळा जो कशातच विरघळेना. ताकद कमी, दाबून ठेवलं तर दबलेलंच राहतं, वास तर विचारू नका, म्हणून पॅकिंग म्हणून हे घेऊ नका. पण पेट्रोल आणि सॉल्व्हंटला जबरदस्त टिकतं आणि ट्यूबमधून लावता येतं अशा द्रवरूपात मिळतं, म्हणून विमानाच्या इंधनटाक्यांचे सांधे ह्याने बुजवतात. ह्याच द्रवात पुढे रॉकेटचं घन इंधन कालवायला लागले आणि थायोकॉल कंपनी रबरातून रॉकेटमध्ये गेली. २८ जानेवारी १९८६ ला चॅलेंजर यान थंडीत कडक पडलेल्या ओ-रिंगमुळे गेलं, तो बूस्टर ह्याच कंपनीचा. रिंग मात्र व्हायटॉनची होती.

आपल्याला हे भेटतं बिल्डिंगच्या एक्स्पान्शन जॉइंटमध्ये आणि पाण्याच्या टाकीच्या सांध्यात. सोसायटीत वॉटरप्रूफिंगचं काम निघालं की कॉन्ट्रॅक्टर म्हणतो पॉलीसल्फाईड भरू, तेव्हा नुसतं हो म्हणू नका, उभं राहून बघा. काम मेच्या अखेरीआधी उरकायचं, सांधा पूर्ण कोरडा पाहिजे, जुना माल वायरब्रशने काढून दोन्ही कडांना प्रायमर. मग सांध्यात फोमची दोरी दाबून बसवायची, ही दोरी पैसे वाचवायला नाही, तळाला सीलंट चिकटू नये म्हणून असते, कारण दोन्ही बाजूंना चिकटलं की ते ताणलं जातं पण तळालाही चिकटलं तर तिसरीकडून अडकतं आणि फाटतं. खोली रुंदीच्या निम्मी, म्हणजे २० एमएम रुंद सांध्यात १० एमएम माल. दोन डबे येतात, बेस आणि क्युअरिंग, पूर्ण डब्यात पूर्ण डबा ओतून एकसारखा रंग होईपर्यंत ढवळायचं, एक जरी वेगळी रेघ दिसली तरी ढवळणं बाकी आहे. आमच्या बिल्डिंगमध्ये अंदाजे निम्मा-निम्मा घेऊन कालवलं होतं, दोन महिन्यांनी पण ते च्युइंगगमसारखंच होतं आणि जूनमध्ये तिसऱ्या मजल्यावर भिंतीला पोपडे.

आता समजा रबर हातात आहे आणि कुठलं ते माहीत नाही. रंगावर जाऊ नका, हिरवी रिंग एसीची आणि तपकिरी व्हायटॉनची असा समज आहे, कधी बरोबर निघतो, कधी नाही, रंग कोणीही घालू शकतो. पहिली टेस्ट तांब्याच्या तारेची. तार पक्कडीत धरून छोट्या गॅस टॉर्चच्या ज्योतीत लाल करा, हिरवी ज्योत दिसेनाशी होईपर्यंत ठेवा, ती गरम तार रबरावर टेकवा म्हणजे थोडं रबर चिकटेल, परत ज्योतीत न्या. ठसठशीत हिरवी ज्योत आली तर क्लोरीन आहे, म्हणजे निओप्रीन असू शकतं, पण पीव्हीसी पण हिरवीच दाखवतं, तेव्हा हात लावून ते रबर आहे की प्लास्टिक हे आधी बघा. नायट्राईल, एसबीआर हिरवी देत नाहीत, आणि व्हायटॉनमध्ये फ्लोरीन असलं तरी तेही देत नाही. गॅलरीत उघड्यावर करा, धूर नाकात घेऊ नका, घरातल्या गॅसवर तर अजिबात नको.

दुसरी टेस्ट डिझेलची आणि मला हीच जास्त पटते. रबराची सरळ पट्टी कापा, व्हर्नियरने लांबी मोजून लिहून ठेवा, झाकणाच्या बरणीत डिझेलमध्ये रात्रभर बुडवा, सकाळी पुसून परत मोजा. नायट्राईल जेमतेम वाढलेलं असेल, निओप्रीन थोडं जास्त, आणि नैसर्गिक, एसबीआर, ब्युटाईल ही तिन्ही मोठी होऊन बसलेली असतील. लांबीवर फसू नका, लांबी २५ टक्के वाढली म्हणजे रुंदी आणि जाडी पण तेवढीच वाढली, घनफळ जवळजवळ दुप्पट झालं. खाचेत बसलेल्या रिंगला दुप्पट व्हायला जागा कुठाय? मग ती बाहेर येते नाहीतर शाफ्टला पकडते.

खाचेवरून आठवलं, ओ-रिंग ही कल्पना पण त्याच काळातली, नील्स क्रिस्टेन्सन नावाच्या म्हाताऱ्याचं पेटंट १९३९ चं. तिचं तत्त्व असं की रबर दाबून आकसत नाही, फक्त जागा बदलतं, पाण्यासारखं. ३.५३ एमएम जाडीची रिंग असेल तर एका जागी बसणाऱ्या कामाला खाच साधारण २.८ एमएम खोल ठेवतात, म्हणजे रिंग वीस टक्के दबते, आणि खाचेची रुंदी रिंगपेक्षा जास्त, पावणेपाच एमएमच्या आसपास, म्हणजे दबलेलं रबर बाजूला पसरेल. सरकणाऱ्या पिस्टनला दाब कमी ठेवतात, बारा-पंधरा टक्के, नाहीतर रबर घासून तापतं. गळतंय म्हणून जाड रिंग कोंबायची सवय असते ना, त्याने उलट होतं, खाच ठासून भरते, पसरायला जागा राहत नाही आणि कड कापली जाते. लेथवाल्याकडून खाच मारून घेत असाल तर कडा बारीक पॉलिश पेपरने किंचित मारून घ्या, आणि रिंग ज्या आट्यांवरून जाणार आहे त्यांच्यावर टेप गुंडाळा, रिंगला त्याच तेलाचा हात लावा ज्या तेलात ती राहणार आहे. कोरडी रिंग बसवताना पीळ पडतो, आणि पीळ बाहेरून दिसत नाही.

दुकानात एक अजून बघा. बऱ्याच ठिकाणी ओ-रिंगा खिळ्याला लटकवलेल्या असतात. नायट्राईलला तेल चालतं पण ओझोन चालत नाही, आणि जिथे रबर ताणलेलं असतं तिथेच ओझोन चावतो, बाजूला मोटरच्या ठिणग्या पडत असतील तर अजून लवकर. खिळ्यावर जिथे वाकलंय तिथे रिंग दोन्ही हातांनी हलकी ताणा आणि नखाने नाही, डोळ्याने बघा, आडव्या बारीक चिरा दिसल्या तर ती कितीही नवी असू दे, परत द्या. रबर साठवून ठेवायचा जो आंतरराष्ट्रीय हिशोब आहे त्यात नीट ठेवलेल्या नायट्राईल, निओप्रीन, ब्युटाईलला पहिली सात वर्षं धरतात, नैसर्गिक आणि एसबीआरला पाच, आणि नीट म्हणजे काळोखात, २५ डिग्रीच्या आत, न ताणता. मुंबईच्या गाळ्यात २५ डिग्री कुठून आणणार, तेव्हा वर्षं थोडी कमीच धरा. माझ्याकडे आता बिस्किटाच्या पत्र्याच्या डब्यात काळ्या पिशव्या आहेत, प्रत्येकीवर मार्करने रबर, साईझ आणि खरेदीचा महिना लिहिलेला, आणि डबा वेल्डिंग मशीनपासून लांब, खालच्या कप्प्यात. खिळा होता तिथे आता माझी छत्री लटकते.